लोहाराच्या कोटाची काजं

खडखड, खडखड, मग जरा थांबून टक्! फार पूर्वी एका गावातल्या शिंप्याने पाळण्यात असताना ऐकलेला हा आवाज. बापाचं मशीन चालू असलं की पोर गाढ झोपायचं आणि मशीन थांबलं की जागं व्हायचं.

पोर मोठं झालं, बापाच्या मशीनवर बसलं. शिवण मशीनवर व्हायची, पण काजं हातानेच. शिंप्याची बायको ओट्यावर बसून एकेक काज घालायची. एका कोटाची काजं होईपर्यंत दुपार व्हायची.

मग एकदा शहरातून काजं घालणारं मशीन आलं. त्याच्या पट्टीत बटण अडकवायचं आणि खाली कापड सरकवायचं. सुई एका कडेने टाके घालत जायची, टोकाला तिथल्या तिथे नाचून टाका घट्ट करायची आणि दुसऱ्या कडेने आपली आपण परत यायची. मधोमध काप दिला की त्या बटणाच्या मापाचं काज तयार! सारं गाव बघायला लोटलं.

"अहो, याला डोळे आहेत की काय?" बायको म्हणाली.

शिंप्याने तर मशीनपुढे हात जोडले.

तेवढ्यात म्हातारा लोहार आला. जन्मभर घण मारून त्याच्या पेरांना गाठी आल्या होत्या. अंगठा वाकत नव्हता.

"नातीचं लग्न आहे, कोट शिव," तो म्हणाला. "पण एक सांगतो बाबा. सून रोज माझी बटणं लावते, लहान पोराची लावावी तशी. त्या दिवशी माझी मी लावून मांडवात जाईन."

"लावा की, काका! मशीनचं काज आहे. बटण सुळकन जाईल."

कोट शिवून झाला. काजं अशी उतरली, की एक झाकावं आणि दुसरं दाखवावं. बटणंही मशीनवरच बसवली, कापडाला घट्ट चिकटून. शिंप्याने कोट दुकानाच्या दारात टांगला. येणारा-जाणारा थांबून बघायचा.

लोहार आला. कोट अंगात घालून बटण धरायला गेला, तर बोटं घसरली. पुन्हा धरलं, पुन्हा घसरली. कपाळावर घाम आला.

"आजोबा, घण आणू का?" बघणाऱ्यांतला एक म्हणाला आणि सगळे हसले.

"सूनबाई लावून देतील ना," शिंपी पुटपुटला.

लोहाराने हात खाली घेतले. "असू दे. कोट छान झालाय," एवढंच बोलून त्याने तो काढून ठेवला.

ते 'छान' शिंप्याला दिवसभर बोचत राहिलं. शेवटी त्याने एक चिंधी घेतली, आपला अंगठा ताठ बांधला आणि तोच कोट घालून बटण लावायला बसला. एकही लागेना. त्याने छाती मोजली होती, गळा मोजला होता, मशीनने बटणसुद्धा मोजलं होतं. बोटं राहून गेली होती.

त्याने कोटाची पुढची बाजू उसवायला घेतली.

"अहो, सगळं गाव नावाजून गेलंय ती काजं!" बायको म्हणाली.

"नावाजली ना? झालं तर."

त्याने नवं कापड बेतलं. मशीनच्या पट्टीत जाड, मोठं बटण अडकवलं, तसं काज ऐसपैस झालं. बटण बसवताना त्यावर आगकाडी ठेवली आणि टाके काडीवरून घेतले. मग काडी काढली आणि बटणाखालच्या सैल टाक्यांना दोरा गुंडाळला. देठावर फूल उभं राहावं तसं बटण वर उभं राहिलं.

लग्नाच्या सकाळी लोहार सुनेला घेऊन आला. कोट चढवला. सवयीने सून पुढे झाली, "मामंजी, द्या इकडे."

त्याने तिचा हात बाजूला केला. ताठ अंगठा बटणाखाली शिरला. गाठाळ बोटाने हळूच रेटलं. बटण काजातून वर आलं, जसा ढगाआडून चंद्र यावा. मग त्याच्या खालचं. मग त्याच्याही खालचं.

मशीन थांबलेलं होतं. लहानपणी यायची तशी शिंप्याला जाग आली. कधी जोडले गेले कळलं नाही, पण त्या बोटांपुढे त्याचे हात जोडलेले होते.

शेवटचं बटण लागलं. लोहाराने छातीवरून हात फिरवला, शिंप्याकडे पाहिलं आणि मांडवाच्या वाटेने चालू लागला.

तात्पर्य: वस्तू ज्याच्यासाठी करायची, त्याचे हात आधी बघावेत.