शिकायचं राहिलं

मला गोष्टी सांगायची हौस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. घरात बारावीचा निकाल लागल्यापासून कुठलं कॉलेज आणि कुठलं कॉलेज, याशिवाय दुसरा विषय नाही. ताटावर बसलं तरी तेच. मी म्हटलं, मला यावर एक गोष्ट ठाऊक आहे. तर नात म्हणते, मग लिहूनच द्या आजोबा, तोंडी सांगितलेलं हल्ली कुणी ऐकत नाही. आता या वयात हातात पेन देऊन बसवलंय. बोटं दुखतात. तेव्हा लहान असा नाहीतर थोर, मुकाट्यानं शेवटपर्यंत वाचा.

तर फार मागं, किती मागं ते मोजत बसायला मला वेळ नाही, डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं आणि गावाच्या डोक्यावर एक तळं होतं. डोक्यावर म्हणजे खरंच डोक्यावर. तळ्याला मातीचा बांध, आणि बांधाच्या खालच्या अंगाला घरं. बांध आहे तोवर गाव आहे, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

म्हणून गाव तळ्याला राखणदार ठेवत असे. त्या काळी ते काम एका बाईकडं होतं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. भावाचं आईवेगळं पोर तेवढं तिनं वाढवलं. पोर तिला आत्या म्हणायचं, म्हणून सगळं गाव तिला आत्याच म्हणे. रोज सकाळी ती बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालायची. कुठं उंदरानं बीळ केलंय, कुठं माती दबली आहे, ते तिच्या तळपायांना समजायचं.

पुढं राजाच्या मनात आलं, तळं मोठं करावं. बांध दोन पुरुष उंच झाला. पाणी वाढलं, ऊस आला, गाव खूश झालं. आत्याला मात्र घोर लागला. ती म्हणाली, मी शिकले ते जुन्या बांधाचं. एवढं पाणी मी जन्मात राखलेलं नाही. त्यातच तिच्या डोळ्यांपुढं धुकं यायला लागलं. तेव्हा ठरलं, की भाच्याला पाण्याची विद्या शिकायला धाडायचं.

कुठं धाडायचं, यावर पारावर तीन दिवस भांडण झालं. विद्या शिकवायच्या जागा दोन. एक राजधानीतली. तिला हत्ती जाईल एवढा दरवाजा होता आणि शिकून निघणाऱ्याला जरीची शाल मिळायची. दुसरी, डोंगरापलीकडच्या एका जुन्या थोरल्या तळ्याच्या काठी. तिला दरवाजाच नव्हता. तिथं एक लंगडे गुरुजी होते आणि चिखल होता.

न्हाव्याचं म्हणणं, राजधानीच बरी, शाल बघून पोरी सांगून येतात. तेली म्हणाला, मग तूच जा की, तुझं अजून जमायचंय. असं तीन दिवस चाललं.

आत्या भांडली नाही. ती काठी घेऊन निघाली आणि दोन्हीकडून शिकून आलेल्या एकेका माणसाला गाठून आली. तिथं कसं आहे, हे तिनं विचारलंच नाही. तुला काय करता येतं ते दाखव, एवढंच म्हणाली. राजधानीतून आलेल्यानं तिला अठरा प्रकारच्या पाण्यांची नावं पाठ म्हणून दाखवली, आणि फार गोड आवाजात. दुसरा एका तळ्याचं पाणी सोडायच्या मोरीत गुडघाभर उतरून दगड बसवत होता. तो म्हणाला, आत्या, बोलायला आत्ता सवड नाही, एवढी पहार धरा.

आत्यानं पहार धरली आणि तिथंच ठरवलं.

आता इथं नीट लक्ष द्या. जागा बरोबर निवडली होती. चूक तिथं झाली नाही. जागा निवडली की आपलं काम संपलं असं समजून तुम्ही पुस्तक मिटाल, म्हणून सांगतो.

निघताना आत्या त्याला म्हणाली, तू शिकून येईपर्यंत तळं मी बघते. डोळे आहेत तोवर डोळ्यांनी, मग हातांनी. सहा वर्षांचा तो अभ्यास. म्हातारपणी सहा वर्षं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला आत्ता कळायचं नाही.

भाचा हुशार होता. बांधावरच वाढलेला. पहिल्या महिन्यात गुरुजी जे सांगत ते त्याला घरूनच येत होतं. बाकीची मुलं चाचपडायची, हा हसायचा. गुरुजी रोज उजाडता बांधावर फेरी मारत आणि चालता चालता शिकवत. वही नाही, फळा नाही. ज्याला यायचं त्यानं मागं चालायचं. भाचा महिनाभर गेला, मग दिवसाआड, मग मनात येईल तेव्हा. झोपडीत शेजारी झोपणारा सोबती त्याला हलवून उठवायचा. हा म्हणायचा, तू हो पुढं, ते मला येतं. चार महिन्यांनी सोबत्यानं उठवणं सोडलं.

मग त्याचा दिवस कसा जायचा? चांगला जायचा. काठावर मोठं चिंचेचं झाड होतं, तिथं मंडळी जमायची, गाणी व्हायची, राजधानीवाल्यांची नक्कल व्हायची. नक्कल तो फार छान करी. बाजारातून येणाऱ्या बैलगाडीवाल्याबरोबर आत्याला निरोप जायचा, मी खुशाल आहे, जागा फार नामांकित आहे.

दुसऱ्या वर्षी एकदा तो फेरीला गेला, तर गुरुजी काय बोलतात ते त्याला उमजेना. इतर मुलं मान डोलवत होती. विचारावं असं त्याच्या ओठांवर आलं, पण कालपर्यंत ज्यांना हसलो त्यांच्यादेखत कसं विचारायचं? पहिल्या वर्षी त्यानं विचारलं नाही, कारण येत होतं. दुसऱ्या वर्षापासून विचारलं नाही, कारण येत नव्हतं. आणि तिसऱ्या वर्षी विचारायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करावी तेच कळेना.

सहा वर्षं सरली. तिथं शेवटी परीक्षा नसायची. परीक्षा ज्याची त्याची तळी घेतात, असं गुरुजींचं म्हणणं. त्यानं पाया पडून निरोप घेतला आणि गावी आला.

गावानं वेशीवर हलगी वाजवली. आत्या पुढं आली ती हात लांब करून, चाचपडत. तिचे डोळे गेले होते. तिनं त्याचा चेहरा बोटांनी पाहिला आणि विचारलं, "काय शिकलास रे?"

तो म्हणाला, "आत्या, त्या तळ्यावर पुरी सहा वर्षं राहिलो मी."

"राहिलास ते ठाऊक आहे मला. मीही इथं राहिलेच की. शिकलास काय?"

लोक हसले. तोही हसला आणि म्हणाला, सगळं शिकलो. आत्यानं कमरेला बांधलेलं इशाऱ्याचं शिंग सोडून त्याच्या हातात दिलं. ते शिंग वाजलं की सगळं टाकून टेकडीवर पळायचं, असा गावाचा नेम होता.

दोन वर्षं काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी तळं काठोकाठ भरलं. एका सकाळी कोरड्या बाजूला, बांधाच्या पायथ्याशी, करंगळीएवढी धार दिसली. आत्याला नेलं. ती धारेशेजारी बसली, पाणी ओंजळीत घेतलं आणि अंगठ्यानं बोटांवर चोळलं. तिचा चेहरा उतरला. नितळ पाणी झिरपलं तर भिण्याचं कारण नाही, एवढं ती जाणत होती. हे पाणी मातकट होतं. बांध आतून खाल्ला जात होता. पण एवढ्या उंच बांधाला यावर काय करायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. त्यासाठीच तर तिनं त्याला धाडलं होतं.

तिनं सगळ्यांना लांब जायला सांगितलं आणि त्याला जवळ बसवलं.

"तुला ठाऊक नसलं तर आत्ता सांग. लाजू नको, बाळा. मी कुणाला बोलणार नाही. आजच्या आज गाव टेकडीवर नेऊ. माणसं तरी राहतील."

दोन शब्द होते. नाही ठाऊक. ते म्हणायला किती वेळ लागतो? पण सहा वर्षांत जे तोंडून निघालं नाही ते एका सकाळी कसं निघावं?

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

आत्यानं मान हलवली आणि उठून गावाला सांगितलं, तो म्हणेल तसं करा, तो शिकून आलाय.

त्यानं चिकणमाती आणवली, धार बुजवली, वरून माती ठोकून घट्ट केली. धार थांबली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. शिंग त्यानं त्या गडबडीत आत्याकडं दिलं. ती बांधावर जाऊन बसली आणि जेवायलाही खाली आली नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, बुजवलेल्या जागेपासून दहा हातांवर, मांडीएवढा लोंढा फुटला. लाल पाणी.

आत्याला दिसत नव्हतं, पण आवाज तिनं सगळ्यांच्या आधी ओळखला. शिंग वाजलं. माणसं धावली. भाच्यानं शेजारची अंथरुणाला खिळलेली म्हातारी पाठीवर घेतली आणि टेकडी चढला. वाटलं, आत्या दुसऱ्या अंगानं चढली असेल. पण शिंग थांबेना. शेवटचा माणूस वर पोचेपर्यंत ते बांधावरूनच वाजत होतं. मग एक फुंक अर्ध्यात तुटली.

गावातलं एकही माणूस वाहून गेलं नाही. एक सोडून.

तुम्हाला वाटेल, गावानं त्याला धारेवर धरलं असेल. नाही. त्याहून वाईट झालं. तेली येऊन त्याच्याजवळ बसला आणि म्हणाला, जिवाला लावून घेऊ नको, तू शिकलेला होतास म्हणून निदान दोन दिवस तरी थोपलं. बायकांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. न्हाव्यानं त्याच्यापुढं भाकरी ठेवली. ती त्यानं तशीच ठेवली. त्याच दिवशी तो उठला आणि डोंगरापलीकडं चालू लागला.

गुरुजी फार थकले होते. उजाडता तो त्यांच्या मागं फेरीला उभा राहिला, दहा-बारा वर्षांच्या मुलांमध्ये, आणि सगळ्यांदेखत त्यानं विचारलं. पायथ्याशी मातकट धार लागली तर काय करायचं?

गुरुजींनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांना उमगलं असावं.

"गळती बुजवायची नाही, गाळायची," ते म्हणाले. "धारेवर आधी वाळू टाकायची, वाळूवर बारीक खडी, खडीवर गोटे. पाणी जाऊ द्यायचं, माती धरून ठेवायची. कोंडलेलं पाणी दुसरी वाट काढतं."

"एवढंच?"

"एवढंच. दर वर्षी पाणी चढलं की मी हे सांगतो. तू इथं होतास तेव्हा सहा वेळा सांगितलं." मग ते म्हणाले, "एकदा तुझ्या झोपडीपर्यंत यायला हवं होतं मी. माझा पाय दुखतो म्हणून आलो नाही."

तो तिथं आणखी चार वर्षं होता. या वेळी एक फेरी चुकली नाही. कळलं नाही तर विचारायचा, पुन्हा विचारायचा, मुलं हसली तरी विचारायचा. गुरुजींच्या पश्चात मुलं अडली की त्याच्याकडं येत, इतकं त्याला येऊ लागलं.

मग तो गावी परतला. गाव नव्हतं. लोक चहूकडं पांगले होते आणि तळ्याच्या पोटात कुणीतरी ज्वारी पेरली होती. आसपासच्या तळ्यांवर तो काम मागत फिरला. पण ज्याचं तळं फुटलं त्याच्या हाती आपलं तळं कोण देणार? ते त्याला जेवू घालत आणि पुढची वाट दाखवत.

पुढं कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला तो त्या फुटक्या बांधाच्या पायथ्याशी उभा असलेला दिसे. धार नेमकी कुठं होती ते तो पायानं दाखवायचा. इथं सात पाट्या वाळू, म्हणायचा, वर चार पाट्या खडी. एवढ्यात भागलं असतं. लोक ऐकून घेत आणि आपल्या वाटेनं जात.

बोध एवढाच, की चांगली जागा निवडून तिथं नुसतं राहिलात, तर शिकायचं राहून जातं.

संपली गोष्ट. आणि परवा एका लग्नात कॉलेजचा विषय निघाला तेव्हा भरल्या मांडवात, चौथी नापास माणसानं यात बोलू नये, असं म्हणून मला ज्यानं खाली बसवलं, त्यानंही ही वाचावी. त्यानं माझी माफी मागायची अजून राहिली आहे. आमचे व्याही, धोंडिराम मासाळ.