तीन पाकिटं, एकच गोळी

एका गावात एक चितारीण राहत होती. नाव तिचं आवडाक्का. गावात लाकडी बाहुल्या घडत, पण त्यांचे डोळे रेखावेत ते आवडाक्कानेच. तिने कुंचला टेकवला की बाहुली बघू लागे. इतका धीट हात असलेल्या या बाईला एक गोष्ट मात्र कधी जमली नाही. घरातल्या मोठ्या माणसाला तिला नाही म्हणता येत नसे.

जत्रा तोंडावर आली होती. समोर बिनडोळ्यांच्या बाहुल्यांचा ढीग पडला होता आणि आवडाक्काचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. थोरल्या जाऊबाईंनी लाल पाकिटातल्या दोन गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या. तिने त्या चहाच्या घोटाबरोबर गिळल्या.

तासाभरात थोरले दीर ओसरीवरून उठून आले. त्यांना सगळे आबा म्हणत.

"त्या लाल गोळीनं काय होतंय? ही निळी घे. आमच्या काळापासून चालत आलेली आहे."

तिने त्याही दोन घेतल्या. मग थोरली नणंद म्हणाली, "अगं आवडा, तुझं डोकं सर्दीनं धरलंय. यांना काय कळतंय!" आणि तिने सर्दीच्या दोन गोळ्या पुढे केल्या.

दुपारी डोकं थोडं उतरलं, आणि आवडाक्का पेचात पडली. गुण कुणाच्या गोळीचा म्हणावा? जाऊबाईंचं नाव घ्यावं तर आबा रुसणार. आबांचं घ्यावं तर वन्सं दोन दिवस बोलणार नाहीत. तिने तिघांनाही सांगितलं, "तुमच्याच गोळीनं उतरलं हो." तिघेही खूश झाले. इतके खूश, की दुपारनंतर तिघांनी पुन्हा दिल्या आणि जेवणं झाल्यावर आणखी एकदा दिल्या.

त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी छाती धडधडू लागली. कुंचला धरला तर बोटं थरथरली, बुबुळ घसरलं आणि बाहुली आपल्याच नाकाकडे बघू लागली. आवडाक्का तिच्याकडे बघतच राहिली. इतकी औषधं घेऊन माणसानं बरं व्हायचं की बिघडायचं?

"नजर लागली," जाऊबाई म्हणाल्या.

"अशक्तपणा आहे. तिला कडक चहा द्या," आबा म्हणाले.

चहा आला. डोकं पुन्हा ठणकू लागलं आणि गोळ्यांचा फेरा पुन्हा सुरू झाला. संध्याकाळपर्यंत कुठली गोळी कधी घेतली, हेही तिला आठवेना.

आबांची मुलगी केतकी तालुक्याच्या कॉलेजात शिकत होती. ती घरी आली आणि काकूच्या शेजारी पडलेली रिकामी पाकिटं तिला दिसली. तिने एक उलटलं, दुसरं उलटलं, तिसरं उलटलं. तिचा चेहरा उतरला.

"काकू, या सगळ्यांत पॅरासिटामॉल आहे. लाल आणि निळ्या गोळीत वर कॅफीनही आहे. म्हणजे चहा-कॉफीत असतं ना, तेच. त्यावर तू दिवसभर चहा पीत होतीस?"

"काहीतरीच!" आबा गरजले. "रंग वेगळा, नाव वेगळं, किंमत वेगळी. मग औषध एकच कसं?"

"लाल लुगड्यातली बाहुली आणि निळ्या लुगड्यातली बाहुली, आतलं लाकूड वेगळं असतं का?"

"दोन बुकं शिकलीस म्हणून बापाला शिकवतेस?"

"बाप आहात, डॉक्टर नाही!" केतकी म्हणाली आणि काकूचा हात धरून तिला दवाखान्यात घेऊन गेली. मागोमाग तिघेही निघाले. आपलं नाव बदनाम होऊ नये, एवढीच त्यांना काळजी.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती गोळ्या घेतल्या?"

"मी एका वेळी दोनच दिल्या," जाऊबाई म्हणाल्या.

"मीही दोनच," आबा म्हणाले.

"मी काय वेगळं केलं? दोनच!" नणंद म्हणाली.

आवडाक्काला काही कळेना. तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं. मग चुकलं कुठे? तिनेही "दोनच" म्हटलं असतं तर कुणाची मान खाली गेली नसती. शिवाय शेवटच्या गोळ्यांनी डोकं आता पुन्हा उतरलं होतं. "मला बरं वाटतंय बाई," ती पुटपुटली.

"बरं वाटण्यावर जाऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृत आतल्या आत बिघडतं. सुरुवातीला कळतसुद्धा नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून नीट सांगा."

आवडाक्काने तिघांकडे पाहिलं. आबांनी डोळे वटारले होते. तिने मान डॉक्टरीणबाईंकडे वळवली.

"तिघांच्याही घेतल्या," ती म्हणाली. "कालही आणि आजही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. एकावर एक. मोजल्या नाहीत. कुणाला नाही म्हणवलं नाही मला."

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. गाडी बोलावली गेली. तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात तिचं रक्त तपासलं आणि सलाइनमधून उताऱ्याचं औषध सुरू झालं. काही दिवस सगळ्यांच्या जिवात जीव नव्हता. मग एका सकाळी रक्ताची तपासणी चांगली आली.

"यकृत वाचलं," तिथले डॉक्टर म्हणाले. "यापुढे पाकिटामागचं वाचून घ्यायचं. दोन डोसांत निदान चार तास जाऊ द्यायचे. दिवसाची मर्यादा लिहिलेली असते, ती ओलांडायची नाही. एक पॅरासिटामॉल घेतलं की त्यावर दुसऱ्या नावाचं चालणार नाही. कॅफीनची गोळी असेल तर चहा कमी. आणि डोकं सारखंच दुखत राहिलं तर गोळी वाढवायची नाही, डॉक्टरला दाखवायचं. बाई, त्या दिवशी तुम्ही 'दोनच' म्हणाला असतात, तर तुम्हाला घरीच पाठवलं असतं."

बाहेर बाकावर जाऊबाई, आबा आणि नणंद बसले होते. केतकीने दारातून येऊन तेच वाक्य त्यांना ऐकवलं.

"पण मी तर दोनच..." आबांनी सुरुवात केली. त्यांनी शेजारी बसलेल्या दोघींकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

तात्पर्य: पाकिटाचा रंग आणि नाव बदललं म्हणून आतलं औषध बदलत नाही. मोठ्यांचा मान नमस्कार करून राखावा, त्यांनी दिलेली गोळी न वाचता गिळून नव्हे. आणि गिळलीच, तर डॉक्टरपुढे कुणाचीही भीड न धरता सगळं खरं सांगावं.