तोफेवरची कोरी जागा

वलंदेजांच्या, म्हणजे डच लोकांच्या, एका बंदरगावात एकदा एक वृद्ध ओतारी राहत असे. त्याने ओतलेल्या कांस्याच्या तोफा दूरदूरच्या जहाजांवर असत. त्याचा शिष्य योस्ट वर्षानुवर्षे माती मळून अखेर स्वतःची पहिली तोफ करायला बसला. ती साधली तर तो ओतारी ठरणार होता, बिघडली तर पुन्हा माती मळणे होतेच.

त्या ओताऱ्यांची एक रीत होती. आधी मातीची तोफ घडवायची, तिच्यावर मेणाची अक्षरे चिकटवायची, मग वरून साच्याची माती लिंपायची. साचा तापला की मेण वितळून जाई, आतली मातीची तोफ फोडून काढत, आणि तिची व अक्षरांची जागा धातू घेई. म्हणून तोफेच्या पाठीवर जणू तोफच बोले, 'मला अमक्याने ओतले.' आता गंमत बघा, हे नाव तोफ जन्मायच्या आधीच घालावे लागे.

योस्टने गावाचे नाव लावले, साल लावले, वेलबुट्टी तर अशी काढली की बघत राहावे. ओताऱ्याच्या नावाची जागा मात्र कोरी ठेवली. तोफ चाचणीत टिकली की छिन्नीने कोरू, असा त्याचा बेत. मोठा हुशार गडी!

म्हाताऱ्याने ती जागा पाहिली. मेण घेतले आणि तिथे स्वतःचे नाव लावून टाकले.

योस्ट दिवसभर धुमसत राहिला. राबलो मी, आणि नाव यांचे? पण संध्याकाळी ती अक्षरे पाहता पाहता त्याला गाभा आठवला. तोफेची नळी पोकळ राहावी म्हणून ओतताना साच्यात मातीचा वेगळा गाभा उभा करतात. तो त्याने घाईने वाळवला होता. आत ओल राहिली असेल, तर धातूत बुडबुडे राहणार आणि एखाद्या दिवशी तोफ आपल्याच गोलंदाजांच्या अंगावर फुटणार. तेव्हा तिच्यावर नाव उस्तादांचे असणार.

तो तडक म्हाताऱ्याकडे गेला.

"उस्ताद, तुमचे नाव काढा. गाभा कच्चा आहे."

"हे आज कळले?"

"नाही. आधीपासून ठाऊक होते." योस्टची मान खाली गेली.

"ती कोरी जागा दिसली तेव्हाच मी ओळखले, कुठेतरी पाणी मुरते आहे," म्हातारा म्हणाला. "तू स्वतःच्या नावाला जपलेस. तोफेला बत्ती देणाऱ्याला मात्र आपला जीव असा बाजूला ठेवता येत नाही. नाव आधी लाव, पोरा. मग काय मोडायचे ते कोणाला सांगावे लागत नाही."

योस्टने हातोडा उचलला आणि बाजूला ठेवलेला गाभा फोडला. आतली माती काळीशार आणि ओली निघाली. त्याने गुरूची अक्षरे हळूच काढली, तेच मेण मळून स्वतःचे नाव लावले, आणि मगच नव्या गाभ्याची माती भिजवायला घेतली. या वेळी त्याला कसलीही घाई नव्हती.

काम नीट झाले तर सही करू, असे आपण म्हणतो ना, तेव्हा ते कुठे कच्चे आहे हे आपल्याला बहुधा आधीच ठाऊक असते.