नकाशात नसलेला ओढा

शहराभोवतीच्या नव्या रिंगरोडचा वीस फुटी भराव वाघोशी गावाच्या उशालाच पडणार होता, आणि त्यात ओढ्याच्या पाण्यासाठी एकही मोरी नव्हती. पावसाळ्यात गाव बुडणार, हे सरपंच हौसाबाई दरेकरांना स्पष्ट दिसत होतं. त्या तीनदा मुख्य अभियंता थिटेसाहेबांकडे गेल्या. ऐन उन्हाळ्यात काढलेला नकाशा दाखवून साहेब दर वेळी म्हणाले, "बाई, इथे ओढाच नाही. उपग्रहापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

चौथ्या खेपेला हौसाबाईंनी वादच घातला नाही. पावसाळ्यात ओढा जिथून वाहतो तीच सपाट जागा दाखवून, 'साइट ऑफिससाठी ही जागा गाव फुकट देईल,' असं पत्र त्यांनी दिलं. साहेब खूश झाले आणि त्यांनी लगेच माणसं पाहणीला पाठवली. माणसांना झाडांच्या बुंध्यांवर पुराच्या खुणा दिसल्या. आठवड्याभरात उत्तर आलं, 'पावसाळ्यात तेथे ओढ्याचे छातीभर पाणी येत असल्याने जागा नाकारण्यात येत आहे.' खाली थिटेसाहेबांची सही होती, नेहमीप्रमाणे न वाचता केलेली.

रस्त्यावरच्या हरकतींच्या सुनावणीत जिल्हाधिकाऱ्यांसमोर हौसाबाईंनी ते पत्र सावकाश वाचलं. मग त्या म्हणाल्या, "ऑफिस टाकायचं म्हटलं की ओढा वाहतो, गाव वाचवायचं म्हटलं की आटतो. इतका आज्ञाधारक ओढा आमच्या सात पिढ्यांनी पाहिला नाही, साहेब."

जिल्हाधिकाऱ्यांना हसू आवरेना. थिटेसाहेबांनी खालमानेनं विचारलं, "एक मोरी पुरेल?"

"पाणी तुम्हीच मोजलंय," हौसाबाई म्हणाल्या. "किती लागतील ते तुम्हीच सांगा."

साहेबांनी तीन लिहिल्या.