हुंकाराचा वसा

ऐक जिवतीबाई, तुझीच कहाणी. तूही दमली असशील, तर बसून ऐक. आटपाट नगर होतं, तिथं एक कोष्टी राहात असे. घरात माग होता, म्हातारी आई होती, सगुणा नावाची बायको होती. सगुणेला दिवस गेले. नऊ महिने भरले, पोटात दुखू लागलं. एक दिवस गेला, दुसरा दिवस गेला, तिसऱ्या दिवशी मुलगा झाला. मुलगा रडला, आणि इकडे सगुणेच्या अंगावरून जाऊ लागलं, ते थांबेना. हातपाय गार पडले, दातखीळ बसली. सुईणीनं पोट दाबून धरलं, शेजारणीनं ओठांत तुळशीचं पान ठेवलं.

बाहेर सासूला एवढंच कळलं, की मुलगा झाला. तिनं साखरेचा डबा काढला, घरोघर साखर धाडली आणि निरोप सांगितला, "बाळ-बाळंतीण सुखरूप आहे." साखर वाटून झाली तेव्हा सगुणेचा श्वास सापडत नव्हता. मग दुपार कलल्यावर सापडला. पण शब्द पुढे निघून गेला होता, बायांनो, आणि गेलेला शब्द परत आणायला कोण जातं?

सव्वा महिना झाला. न्हाणं झालं, ओटी भरली, सगुणा कामाला लागली. कांड्या भरायला बसे, सूत हातातून सुटे. चुलीपाशी बसे, तिला उठवेना. बाळंतिणीच्या खोलीच्या दारात पाय अडे. मूल रडे, तिला पान्हा फुटे, पण मूल दुसऱ्या कुणाचं वाटे.

मग तिनं सासूला सांगितलं, मला बरं नाही. सासू म्हणाली, अशुभ बोलू नये, सुखरूप आहेस तू. मग नवऱ्याला सांगितलं. तो भला होता, पण भला माणूस घाबरला की हसतो. म्हणाला, पोराकडे बघ, सगळं विसरशील. मग माहेरी आईला निरोप धाडला. आईनं डिंकाचे लाडू पाठवले आणि सांगून पाठवलं, देवानं दिलंन्, आता तोंड वाईट करू नये. लाडू चांगले होते. ऐकलं मात्र कुणी नाही.

श्रावणातला शुक्रवार आला. भर दुपारी सगुणा बाळोती धुवायला नदीवर गेली. धुतली, पिळली, आणि पाण्यात पाय सोडून बसली. परत जाण्यापेक्षा हे पाणी बरं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात एक म्हातारी येऊन शेजारी टेकली. ओच्यातून चार तांदूळ काढून मुठीत धरले, कहाणी ऐकताना धरतात तसे. विचारलं, बाई, कशी आहेस? सगुणा म्हणाली, बरी आहे. म्हातारीनं पुन्हा विचारलं. सगुणा म्हणाली, बाळ चांगलं आहे, दूध पितं. म्हातारीनं तिसऱ्यांदा विचारलं, "बाळाचं मला ठाऊक आहे. तू कशी आहेस?"

मग सगुणा म्हणाली, "मी मेले होते. सगळे म्हणतात, परत आले. मी अजून वाटेतच आहे."

म्हातारी "हूं" म्हणाली. सगुणा रडत राहिली, बोलत राहिली, म्हातारी हुंकार देत राहिली. ऊन उतरलं. मग सगुणेनं तिचे पाय धरले. बाई, मला काही वसा सांगा, उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. म्हातारी म्हणाली, "अंगात रक्त नाही, आणि वसे कसले घेतेस? मरून आलेल्या बाईनं वर उपासही करायचे होय? तू जेव आणि नीज. वसा तुझ्या सासूनं घ्यायचा."

ती म्हातारी म्हणजे जिवती. लेकरं कडेवर घेऊन वर्षानुवर्षं भिंतीवरच्या चित्रात उभी. लेकरांसाठी सगळ्या जणी तिला ओवाळतात, आयांसाठी कुणी काही मागत नाही, याचाच तिला शीण आला होता. ती सगुणेबरोबर घरी आली. सासूला म्हणाली, दर शुक्रवारी काम बाजूला ठेवावं, सुनेजवळ बसावं. मुठीत अक्षता धराव्या, कशी आहेस म्हणून विचारावं. हुंकार द्यावा, मध्ये बोलू नये. तिच्या तोंडचा शब्द आपण बोलू नये.

सासूनं वसा घेतला. पहिल्या शुक्रवारी सगुणा बोलू लागली तोच सासू म्हणाली, आमच्या वेळी तर... झालं, वसा मोडला. दुसऱ्या शुक्रवारी दूध उतू गेलं, ती उठून गेली. तिसऱ्या शुक्रवारी मूठ आवळून बसली. मग सगुणेनं सगळं सांगितलं. रक्त सांगितलं, गारठा सांगितला, ओठांतलं पान सांगितलं. आणि दाराबाहेर सुखरूपाचा निरोप चालला होता, तो आपल्याला आत ऐकू येत होता, हेही सांगितलं.  सासू "हूं" तेवढं म्हणाली. शेवटी विचारलं, "सगुणे, सुखरूप आहेस का गं?"

"नाही, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी सासू उठली, न्हाली, आणि साखर धाडली होती त्या घरांना निघाली. दारोदार सांगू लागली, माझा शब्द चुकला, सून आमची अजून सुखरूप नाही. पहिल्या घरची बाई चपापली. दुसऱ्या घरच्या बाईनं बसायला पाट दिला. तिसऱ्या घरची बाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "मीही नाही. माझा थोरला आता बारा वर्षांचा आहे." सासू तिथंच बसली. तिच्याच सुपातले तांदूळ उचलून मुठीत धरले.

वर्ष गेलं. सगुणेच्या घरी सोन्याचा धूर निघाला नाही, ती राणीही झाली नाही. शुक्रवारी बरी असे, सोमवारी नसे. पुढच्या श्रावणात सासूनं विचारलं, तेव्हा म्हणाली, आज बरी आहे. सासू साखर काढायला धावली. सगुणा म्हणाली, "वाटा. पण आजच्यापुरती. उद्याचं उद्या विचारा."

जशी जिवती सगुणेपाशी बसली, तशी तुम्हांआम्हांपाशी बसो. साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरीं आटोपते, पण बाईचं एक उत्तर येईतो मूठ उघडू नये. सुफळ संपूर्ण.