मावशीचा मान

मुलांनो, नदीकाठच्या एका जंगलात, उंबराच्या झाडावर एक वानरी राहत असे. स्वभावाने भारी जपणारी. आणि जपणार नाही तर काय? आधीची तिची पिल्ले जगली नव्हती. आता पुन्हा एक झाले होते, गुलाबी तोंडाचे, तिच्या पोटाला घट्ट चिकटलेले. नेमकी त्याच सुमारास जंगलात खोकल्याची साथ आली. कळपातल्या म्हाताऱ्या वानराने लांबूनच ओरडून सगळ्यांना बजावले, "साथ श्वासातून लागते. तोंडाजवळ तोंड नेऊ नका, आणि लेकरं कोणाच्या मांडीवर देऊ नका!"

वानरीने ते इतके मनावर घेतले की विचारू नका. एकेक उंबर नदीवर नेऊन धुवायची, पुसायची आणि पुन्हा धुवायची. आता श्वासातून येणारी साथ उंबरे धुऊन कशी जाणार, हे तिला कोणी विचारले नाही. त्याच झाडाच्या ढोलीत एक खार राहत होती. तिच्यावर फांदी उगारून वानरी म्हणाली, "चल, नीघ इथून! तुम्हा खारींचा काय भरवसा? कुठे कुठे तोंड घालून येता."

"अहो, साथ आल्यापासून मी ढोलीबाहेर पाऊलसुद्धा टाकलेलं नाही," खार काकुळतीला येऊन म्हणाली.

"ते मला नको सांगूस. माझं पिल्लू लहान आहे."

खार निमूटपणे निघून गेली. मला विचाराल तर त्या जंगलात तिच्याइतके निरोगी कोणी नव्हते. पण वानरीला हायसे वाटले. झाड कसे स्वच्छ झाले, असे ती दिसेल त्याला सांगू लागली.

मग एक दिवस पलीकडच्या डोंगरावरून वानरीची थोरली बहीण आली. तिकडे साथीने थैमान घातले होते. ती वाटेत खोकत आली आणि फांदीवर टेकल्यावरही खोकली. नवे पिल्लू सगळ्यांत आधी मावशीने मांडीवर घ्यायचे, हा वानरांतला मान. "आण गं इकडे, बघू तरी कोणावर गेलंय," म्हणत तिने हात पुढे केले.

वानरीने पिल्लाला छातीशी आवळले. "ताई, तू खोकतेयस ना गं?"

"हे होय? कच्ची बोरं खाल्ली, त्याची खवखव आहे नुसती. मी बाहेर जातेच कुठे? आपल्याच कळपात तर असते." मग ताईचा चेहरा उतरला. "पण तुला शंका येत असेल तर राहू दे बाई. परकीच झाले मी आता."

एवढे ऐकल्यावर वानरीला कसेतरीच झाले. लहानपणी याच ताईने तिला पाठीवर घेऊन रानभर हिंडवले होते. ताईपासून काय होणार आहे? तिने पिल्लू ताईच्या मांडीवर दिले. ताईने त्याचे पटापट मुके घेतले. वानरीने तेवढ्यात तिच्यासाठी उंबरे आणली, अर्थातच दोनदा धुऊन.

पिल्लाला लवकरच खोकला लागला. दूध ओढताना त्याला धाप लागायची. एका सकाळी ते हलेना. वानरी त्याला छातीशी धरून तशीच बसून राहिली. ताई एव्हाना बरी झाली होती. ती धावत आली, बहिणीच्या गळ्यात पडून रडली आणि डोळे पुसत म्हणाली, "त्या नदीच्या पाण्यातच काहीतरी असणार बघ."

वानरीने ताईकडे पाहिले. तिला सगळे ठाऊक होते. पण ताईला काय वाटेल, या विचाराने ओठावर आलेले शब्द तिने याही वेळी गिळले.

"हो ताई," ती म्हणाली, "पाण्यातच असेल."

तात्पर्य : साथीच्या दिवसांत आपल्याला भीती वाटते ती परक्याची, आणि भीड पडते ती आपल्या माणसाची, लेकरू मात्र त्या भिडेपायीच जाते.