करड्याने नाकारलेला घास

एका राज्यात सीमेची राखण तटबंदी करत नव्हती, कुत्री करत होती. सीमेपलीकडच्या चेटक्याने कुठलंही रूप घेतलं तरी त्याचा वास त्यांच्यापासून लपत नसे. रीत एकच होती: सीमेवरच्या कुत्र्याने आपल्या रखवालदाराच्याच हातचं खावं.

ती रीत मोडली खुद्द रखवालदार सिदोजीने. सणाच्या दिवशी एक पुजारी राजवाड्यातला प्रसाद घेऊन आला. कुत्री गुरगुरली, पण आता प्रसादाला नाही कसं म्हणायचं? सिदोजीने खूण केली, कुत्र्यांनी खाल्लं, आणि पुजारी हसत हसत धूर होऊन उडाला. त्या क्षणापासून सगळी कुत्री मुकी झाली. चेटक्याला रान मोकळं मिळालं. सीमेवरचे गुराखी उभ्याउभ्या दगड झाले.

राजाने फर्मान काढलं, "अमावास्येपर्यंत कुत्री भुंकली नाहीत, तर एकही जिवंत ठेवू नका."

सिदोजी कुत्र्यांजवळ जाऊन बसला. सगळ्यांत थोरल्या कुत्र्याला, करड्याला, तर त्याने बोटाने दूध चाटवून वाढवलं होतं.

तेव्हा माळावरची टिटवी बोलली, "तीन कामं कर. पळत्या झऱ्याच्या पाण्याने करड्याचं तोंड धू. सीमेच्या दगडाखालची माती त्याच्या कपाळाला लाव. मग त्याला उपाशी ठेव, आणि राजाच्या हातचा घास त्याला नाकारू दे."

झरा पुढे पुढे पळे. सिदोजी दमून पाठ फिरवून बसला, तेव्हा झराच जवळ आला. दगडाखाली नाग होता.

"माती कुणासाठी?"

"माझ्या कुत्र्यासाठी."

नाग बाजूला झाला. दोन कामं झाली. राहिलं तिसरं. राजाचा घास नाकारायचा म्हणजे जिवाशी गाठ!

अमावास्येच्या सकाळी राजा एकटाच आला, हातात सोन्याचं ताट घेऊन. "लाडू आहेत, सिदोजी. खाऊ दे त्याला."

करड्याची लाळ गळत होती. त्याने सिदोजीकडे पाहिलं.

"क्षमा असावी, महाराज. तो माझ्याच हातचं खातो."

"आज्ञा मोडतोस?"

"आज्ञा आपली, महाराज. पण रीत सीमेची आहे."

करड्याने तोंड फिरवलं, आणि तो भुंकला! राजाचा चेहरा गळून पडला, आत चेटक्या निघाला. मग सगळीच कुत्री भुंकली, आणि चेटक्याची जागच्या जागी राख झाली. गुराखी डोळे चोळत गाई हाकू लागले. सिदोजी करड्याच्या गळ्यात पडून रडला.

दुपारी खरा राजा आला. करड्याने आधी त्याचे जोडे हुंगले, मगच शेपटी हलवली. राजाने लाडू पुढे केला; करड्याने तो नाकारला. राजाने हसून तो स्वतःच खाल्ला, आणि सिदोजीने करड्यासाठी भाकरी मोडली.

त्या रात्री कुत्र्यांच्या भुंकण्याने सारं राज्य जागं झालं, आणि कूस बदलून निर्धास्त झोपलं.